केजन म्हणजे मसाला नव्हे, माणसं

लोकलच्या गर्दीत किंवा भांडी घासताना ऐकताना ज्यांचं अर्धं सुटतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग, लिहून. एक सूचना आधीच देते: भूक लागलेली असेल तर आधी काहीतरी खाऊन या.

सुरुवात बटाट्यापासून करू. पुण्या-मुंबईच्या बार्बेक्यू बुफेत तुम्ही कधी ना कधी 'केजन स्पाइस पोटॅटो' खाल्लेच असतील. छोटे तळलेले बटाटे आणि त्यांच्यावर मेयोनीजचं ते दाट, केशरी-गुलाबी सॉस. मी कॉलेजात असल्यापासून खातेय. केजन म्हणजे पेरी-पेरीसारखं कुठल्यातरी मसाल्याचं नाव असणार, एवढंच माझं ज्ञान.

मग गेल्या वर्षी मार्च महिन्यात ह्यूस्टनला ताईकडे गेले होते. जेवताना भावजी म्हणाले, "इथून साडेतीन तासांवर केजन लोकांचा मुलूख आहे. जाऊन येऊया का?"

मी म्हटलं, "केजन लोक? मसाल्याच्या नावाचे लोक असतात?"

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. कारण प्रकरण बरोब्बर उलटं आहे. आधी माणसं होती, मसाल्याला त्यांचं नाव नंतर मिळालं. आणि तीन दिवस त्या मुलुखात हिंडून मला एकाही मेनूकार्डावर तो बटाटा दिसला नाही. तर आजची गोष्ट त्या माणसांची. एकदा गाव गेलं, मग भाषा जायला लागली, आता पायाखालची जमीन जातेय. या सगळ्यात चुलीवरचं पातेलं मात्र उतरलं नाही. ते पातेलं पुरेसं आहे का, हा माझा प्रश्न आहे.

आधी भूगोल

आम्ही चौघं निघालो: ताई, भावजी, माझा नऊ वर्षांचा भाचा आणि मी. ह्यूस्टनहून पूर्वेला, आय-१० हायवेने. टेक्सास संपून लुइझियाना सुरू होतं, आणि थोड्या वेळाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं दिसायला लागतात. मी तर काच खाली करून बघतच बसले. अमेरिकेत, पाणी भरलेली भातखाचरं! त्या पाण्यात तारेच्या जाळीचे सापळे रांगेने उभे केलेले होते. ते कशासाठी, ते पुढे सांगते.

दक्षिण लुइझियाना म्हणजे मिसिसिपी नदीने आणून टाकलेल्या गाळाचा प्रदेश. ही नदी हजारो वर्षांत अनेकदा वाट बदलत गेली. प्रत्येक वेळी नवीकडे वळली, तिथे गाळ टाकला, जमीन तयार केली आणि पुढे गेली. तिच्या जुन्या वाटा आणि फाटे मागे राहिले. संथ, वाहतंय की नाही असं वाटणारं पाणी. याला तिथे 'बायू' म्हणतात. हा शब्द इंग्रजी नाही आणि मूळचा फ्रेंचही नाही. तो चोक्टॉ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. फ्रेंचांनी तो उचलला, फ्रेंचांकडून इंग्रजीत आला.

लाफायेट हे त्या भागातलं मोठं शहर. त्याच्या पुढे अचाफलाया नदीचं खोरं लागतं. अमेरिकेतली ही सर्वांत मोठी नदीकाठची दलदल. १९७३ साली तिच्यावरून पूल खुला झाला, तो जवळजवळ २९ किलोमीटर लांब आहे. म्हणजे दादरहून निघालात तर ठाण्याच्याही पुढे जाल, आणि खाली सगळा वेळ फक्त पाणी आणि झाडं.

ब्रो ब्रिज गावाजवळ लेक मार्टिन नावाचं तळं आहे. तिथे आम्ही बोटीतून फिरलो. नाव चालवणारे काका सत्तरीचे असतील. पाण्यात उभे असलेले सायप्रसचे वृक्ष, बुंध्याजवळ जाड, वर निमुळते. आजूबाजूला पाण्यातून लाकडाचे सुळके वर आलेले, त्यांना तिथे झाडाचे 'गुडघे' म्हणतात. फांद्यांवरून करड्या दाढीसारखं काहीतरी लोंबत होतं. त्याचं नाव स्पॅनिश मॉस. पण ते स्पॅनिश नाही आणि मॉसही नाही. चक्क अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. पूर्वी लोक ती वाळवून गाद्यांमध्ये भरायचे आणि चिखलात मळून भिंती लिंपायचे.

वसंत ऋतू असल्यामुळे बगळे घरटी करत होते आणि त्यांच्यात गुलाबी चमचे पक्षी होते. चोच खरोखर चमच्यासारखी आणि रंग अगदी गुलाबसरबतासारखा. एका ओंडक्यावर अॅलिगेटर ऊन खात पडला होता. भाचा माझ्या मांडीवर चढून बसला, ते थेट बोटीतून उतरेपर्यंत.

मध्येच पाण्यात मोठमोठी खोडं दिसली, वरून कापलेली. काकांनी सांगितलं की हे जुनं जंगल. साधारण १८८० ते १९३० या पन्नासेक वर्षांत लाकूडवाल्या कंपन्यांनी शेकडो वर्षांचे सायप्रस तोडून नेले. आज जी झाडं आपण 'प्राचीन' समजून फोटो काढतो, त्यातली बरीचशी नंतर वाढलेली आहेत.

काका बोलता बोलता मध्येच फ्रेंच शब्द वापरत होते, विशेषतः खाण्याचा विषय निघाला की. भाचा शाळेत फ्रेंच शिकतो. त्याने धीर करून एक अख्खं वाक्य फ्रेंचमध्ये विचारलं. काका हसले आणि इंग्रजीत म्हणाले की बाळा, मला बोलता येत नाही, माझ्याकडे फक्त स्वयंपाकघरातले शब्द आहेत.

हे वाक्य लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

हे लोक आले कुठून?

आता जरा मागे, सतराव्या शतकात जाऊ. म्हणजे इकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या पंचवीस-सव्वीस वर्षं आधी, १६०४ मध्ये, काही फ्रेंच लोक अटलांटिक ओलांडून आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर पोचले. त्या मुलखाला त्यांनी अकेडी म्हटलं. आज तिथे नोव्हा स्कोशिया आणि आजूबाजूचे प्रांत आहेत. तिथले मूळ रहिवासी मिकमॅक. या वसाहतवाल्यांचं आणि मिकमॅकांचं बऱ्यापैकी जमलं, लग्नंही झाली.

हे लोक एका कामात वाकबगार होते. तिथे भरती-ओहोटी जगात सर्वांत मोठी असते. समुद्राचं पाणी दलदलीत शिरायचं. यांनी मातीचे बांध घातले आणि बांधाखाली लाकडी झडपा बसवल्या. ओहोटीला आतलं गोडं पाणी बाहेर जायचं, भरती आली की झडप आपोआप बंद. दोन-चार वर्षांत पावसाने मीठ धुऊन निघालं की उत्तम शेत. कोकणातल्या श्रोत्यांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडची खारजमीन आणि गोव्यातली खाजन शेती याच तत्त्वावर चालते. गोव्यात त्या झडपेच्या दाराला मानस म्हणतात.

थोडक्यात, समुद्राकडून जमीन मागून घेणारी ही माणसं.

पण फ्रान्स आणि इंग्लंड यांची भांडणं चालूच होती. १७१३ च्या तहात अकेडीचा मोठा भाग इंग्रजांकडे गेला. इंग्रज म्हणाले, आमच्या राजाशी एकनिष्ठ राहायची बिनशर्त शपथ घ्या. अकेडियन लोकांचं म्हणणं, राहतो शांतपणे, पण फ्रेंचांविरुद्ध शस्त्र उचलायला लावू नका. चाळीस वर्षं हा घोळ तसाच लोंबकळत राहिला. १७५५ मध्ये पुन्हा युद्धाचे ढग जमले आणि गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सने ठरवलं की यांना इथून उचलायचं.

५ सप्टेंबर १७५५. ग्रां-प्रे नावाचं गाव. कर्नल जॉन विन्स्लोने हुकूम काढला की दहा वर्षांवरच्या सगळ्या मुलग्यांनी आणि पुरुषांनी दुपारी तीन वाजता चर्चमध्ये जमायचं. ४१८ जण आले. दारं बंद झाली आणि त्यांना वाचून दाखवण्यात आलं की तुमच्या जमिनी, घरं आणि गुरंढोरं सरकारजमा झाली आहेत आणि तुम्हाला इथून हलवण्यात येत आहे.

दहा वर्षांवरच्या मुलग्यांनी. माझा भाचा नऊ वर्षांचा. ग्रां-प्रेबद्दल वाचताना मला सगळ्यात आधी हेच सुचलं.

पुढच्या काही वर्षांत दहा हजारांहून जास्त लोकांना जहाजांत कोंबून पाठवलं. परत येऊ नयेत म्हणून घरं जाळली. कुटुंबांची ताटातूट झाली. त्यांना मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या इंग्रज वसाहतींत विखरून टाकलं. व्हर्जिनियाने घ्यायला नकार दिला, तर तिथून इंग्लंडला पाठवलं आणि तिथे ते १७६३ पर्यंत बंदरगावांमध्ये अडकून पडले. हजारो लोक रोगराईने आणि जहाजं बुडून मेले. याला फ्रेंचमध्ये जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ होतो 'मोठी उलथापालथ'.

फेब्रुवारी १७६५ मध्ये जोसेफ ब्रुसार नावाचा माणूस सुमारे दोनशे जणांना घेऊन न्यू ऑर्लिन्सला पोचला. लोक त्याला 'बोसोलेय' म्हणायचे. त्याने इंग्रजांशी लढून बघितलं होतं, तुरुंगही भोगला होता. त्यांना वाटत होतं की लुइझियाना फ्रान्सचं आहे, आपल्या माणसांत जातोय. पण फ्रान्सने ते आधीच गुपचूप स्पेनला देऊन टाकलं होतं! स्पेनला मात्र वस्ती वाढवायला माणसं हवीच होती. मग हे लोक बायू टेशच्या काठावर बसले. त्याच वर्षी साथ आली आणि बोसोलेय ऑक्टोबरमध्ये वारला. तरीही बातमी पसरली, नातेवाईक नातेवाईकांना शोधत आले. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजं आली आणि त्यांत साधारण सोळाशे अकेडियन होते. तीस वर्षांनी पुन्हा एकत्र.

बोलता बोलता 'अकेडियन'चा पुढचा 'अ' गळाला, 'कादियें' झालं आणि इंग्रजांच्या तोंडी 'केजन'. मेनूकार्डावरचा शब्द इथून आला.

बायू टेशच्या काठी सेंट मार्टिनव्हिल नावाचं सुंदर छोटं गाव आहे. तिथे आलेल्या सुमारे तीन हजार निर्वासितांची नावं कोरलेली भिंत आहे. भिंतीपाशी आम्हाला एक बाई दिसल्या. त्या बोटाने आपलं आडनाव शोधत होत्या. तिथून जवळच नदीकाठी एक प्रचंड ओक आहे, 'इव्हँजेलीन ओक'. १८४७ मध्ये लाँगफेलो या अमेरिकन कवीने ताटातूट झालेल्या अकेडियन प्रेमिकांवर दीर्घकाव्य लिहिलं, त्याच्या नायिकेचं नाव या झाडाला दिलंय. नायिका काल्पनिक आहे आणि कवी लुइझियानात कधी आलाच नव्हता. पण पर्यटक झाडाखाली फोटो काढतात आणि भिंतीकडे फारसं कोणी जात नाही. आम्हीही आधी झाडाकडेच गेलो, खोटं कशाला बोलू.

आणि एक गोष्ट मी गाळणार नाही. त्या भिंतीच्या शेजारीच आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय आहे. कारण बायूच्या काठचा ऊस आणि कापूस पिकवला तो आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. स्वतः हाकलले गेलेल्या अकेडियनांच्या पुढच्या पिढ्यांतले काही जण गुलामांचे मालक झाले. आणि चिटिमाचा लोक तर या सगळ्यांच्या आधीपासून बायू टेशवर राहत होते, आजही आहेत. एकट्याचा कोणाचाच मुलूख नव्हता तो. हे सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतं? पातेल्यात.

पातेल्यात काय काय आहे

गंबो. नाव ऐकलं असेल. दाट रस्सा, भातावर वाढतात. पहिला घास घेतला आणि भावजी म्हणाले, "अरे, ही तर भेंडी!" बरोबर. 'गंबो' हा शब्दच मुळात भेंडीचा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या भाषांमध्ये भेंडीला 'किंगोंबो'सारखा शब्द आहे. भेंडी आफ्रिकेची आणि ती शिजवायची पद्धत गुलाम म्हणून आणलेल्या बायकांच्या हातची. जिथे भेंडी नाही तिथे दाटपणासाठी 'फिले' घालतात, म्हणजे सॅसफ्रास झाडाच्या पानांची पूड. ती चोक्टॉंची देणगी. रश्श्याचा पाया म्हणजे 'रू', तो फ्रेंचांचा. तेलात मैदा मंद आचेवर परतायचा. आपण लाडवाला बेसन भाजतो ना, तसंच, एक मिनिट हलवायचं थांबलात तर करपलं. फरक इतकाच की केजन रू चॉकलेटच्या रंगापर्यंत नेतात. त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. या तिघांना तिथे 'पवित्र त्रयी' म्हणतात. मग सॉसेज, चिकन नाहीतर कोलंबी.

म्हणजे एका वाडग्यात आफ्रिका, फ्रान्स आणि चोक्टॉ. बाहेर समाजात हे लोक एका बाकावर बसत नव्हते, पातेल्यात मात्र बसले.

बूदॅन ही दुसरी गंमत. डुकराचं मांस आणि भात एकत्र करून आतड्याच्या वेष्टणात भरलेलं गरमागरम सॉसेज. पेट्रोल पंपावर मिळतं! लोक गाडीच्या बॉनेटवर ठेवून, वेष्टण दाताने ओढत खातात. मी शाकाहारी श्रोत्यांची माफी मागून पुढे जाते.

आणि आता ती भातखाचरं. तिथले सापळे क्रॉफिशचे होते. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला प्राणी, दिसायला आपल्या शेवंडीचा बोटभर धाकटा भाऊ. भाताचं पीक निघालं की त्याच खाचरात पाणी भरून क्रॉफिश वाढवतात. एकाच जमिनीतून दोन उत्पन्नं. हंगाम साधारण जानेवारी ते जून.

एके काळी क्रॉफिश हे गरिबाचं खाणं होतं. डबक्यात फुकट मिळतं, म्हणून खायचं. चारचौघांत सांगायची लाज वाटायची. १९५९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ब्रो ब्रिजला 'जगाची क्रॉफिश राजधानी' जाहीर केलं आणि पुढच्या वर्षापासून तिथे उत्सव सुरू झाला. आज तेच खायला लोक विमानाने येतात.

खायची पद्धत अशी: मोठ्या हंड्यात तिखट पाण्यात क्रॉफिश, मक्याची कणसं, बटाटे आणि लसूण उकडायचे. टेबलावर वर्तमानपत्र पसरून अख्खा हंडा त्यावर उपडा करायचा. ताट नाही, चमचा नाही. डोकं पिरगळून काढा, शेपूट सोला, तोंडात टाका. बोटं दोन दिवस झणझणतात. भाच्याला हे आधीपासून येत होतं, कारण ह्यूस्टनमध्ये व्हिएतनामी लोकांच्या दुकानांत लसूण-बटरमध्ये घोळवलेलं क्रॉफिश मिळतं. १९७५ नंतर युद्धातून पळालेले व्हिएतनामी या किनाऱ्यावर येऊन मासेमारी करू लागले. हाकललेल्यांच्या पातेल्यात आणखी एक हाकललेला चमचा घालून गेला.

आणि ते 'केजन' नाव जगभर कसं गेलं? मुख्यतः पॉल प्रुडोम या शेफमुळे. ओपेलूसस गावाजवळच्या शेतकरी कुटुंबातला मुलगा. १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याने रेस्टॉरंट काढलं. मसाला लावून तापलेल्या तव्यावर काळा केलेला रेडफिश हा त्याचा पदार्थ इतका गाजला की १९८० च्या दशकात त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंधनं आणावी लागली. मग मसाल्याच्या बाटल्या आल्या. त्यातून कुठेतरी आपला बटाटा.

'शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही'

आता काकांच्या वाक्याकडे परत.

पदार्थांचं असं कौतुक चाललेलं असताना भाषेचं काय झालं? १९२१ मध्ये लुइझियानाच्या राज्यघटनेने ठरवलं की सरकारी शाळांत फक्त इंग्रजीत शिकवायचं. घरी फ्रेंच आणि शाळेत एकदम इंग्रजी. फ्रेंच शब्द तोंडातून निघाला की मुलाला उभं करायचे, मारायचे, 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' असं शंभर-शंभर वेळा लिहायला लावायचे. लघवीला जायची परवानगी इंग्रजीत मागता येत नाही म्हणून वर्गात कपडे ओले झालेली मुलं होती.

मग दुसऱ्या महायुद्धात याच मुलांना फ्रान्समध्ये पाठवलं आणि सैन्याच्या लक्षात आलं की अरे, यांना तर फ्रेंच येतं! ते दुभाषे झाले. ज्या भाषेसाठी छड्या खाल्ल्या, तिचंच कौतुक. पण घरी परतल्यावर यातल्या अनेकांनी आपल्या पोरांशी इंग्रजीच धरलं. कारण साधं होतं, आपण भोगलं ते पोरांनी भोगू नये. प्रेमापोटीच केलं सगळं.

काका त्या पोरांच्या पिढीतले. त्यांच्या आजीला इंग्रजी येत नव्हतं. आईवडील मुलांपासून काही लपवायचं असलं की फ्रेंच बोलायचे. आजी जेवायला वाढायची, म्हणून जेवणाचे शब्द काकांना आले. पण आजीशी त्यांचं कधी बोलणं झालं नाही. ती लहान असताना घर कसं होतं, तिला कशाची भीती वाटायची, नवरा आवडत होता का, काहीच नाही. ते बोट वल्हवत शांतपणे सांगत होते, तक्रारीचा सूर नव्हता. तिच्या हातचा गंबो मला हुबेहूब जमतो, म्हणाले, पण तिची एक गोष्ट मला माहीत नाही.

१९६८ मध्ये राज्यानेच फ्रेंच वाचवण्यासाठी सरकारी संस्था काढली. फ्रान्स, बेल्जियम आणि कॅनडाहून शिक्षक आणले. गंमत अशी की ते शिकवायचे पुस्तकी फ्रेंच, आणि घरी आजोबा म्हणायचे, हे आपलं नव्हे! २००३ मध्ये, मूळच्या लुइझियानाच्या एका वकिलाने चालवलेल्या तेरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, इंग्लंडच्या राणीच्या नावाने जाहीरनामा निघाला आणि १७५५ च्या हकालपट्टीतल्या अन्यायाची नोंद झाली. २८ जुलै हा स्मरणदिन ठरला. नुकसानभरपाई नाही, पण निदान 'झालं होतं' असं कागदावर आलं.

आणि आता जमीन

तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेला, टेरेबोन परगण्यात गेलो. 'टेरेबोन' म्हणजे फ्रेंचमध्ये 'चांगली जमीन'. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या ओकचे सांगाडे उभे आहेत, खारं पाणी मुळांत शिरून मेलेले. १९३२ पासून लुइझियानाच्या किनाऱ्याची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन समुद्रात गेली. ती का गेली? नदीला पुरापासून आवरायला भिंती बांधल्या, त्यामुळे नवा गाळ पसरायचा थांबला. गाळाची जमीन आपल्याच वजनाने खचत असते, तिला दरवर्षी भर लागते. त्यात तेल कंपन्यांनी दलदल कापून कालवे खणले, त्यांतून खारं पाणी आत आलं. वर समुद्राची पातळी वाढतेय आणि वादळं आहेतच.

तिथे 'आइल द जाँ शार्ल' नावाचं बेट आहे. तिथले लोक केजन नाहीत. ते फ्रेंच बोलणारे मूळ रहिवासी, ज्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात हाकलपट्टी चुकवून या दलदलीत लपले होते. १९५५ पासून त्या बेटाची ९८ टक्के जमीन गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ४.८ कोटी डॉलर दिले आणि २०२२ मध्ये कुटुंबं आत, उंचावरच्या नव्या वस्तीत जायला लागली. घरं पक्की आहेत. पण दारात पाणी नाही, कोलंबी नाही, बोट नाही.

समुद्राकडून जमीन मिळवणारे अकेडियन आणि दलदलीत आसरा घेणारे हे मूळ रहिवासी, दोघांच्याही वंशजांकडून समुद्र आता जमीन परत मागतोय.

सगळंच बुडतंय असंही नाही. त्याच परगण्यात २०२३ मध्ये 'एकोल प्वांत-ओ-शियें' नावाची सरकारी शाळा सुरू झाली. तिथे मूळ रहिवाशांची आणि केजनांची मुलं फ्रेंचमधून शिकतात, आणि जमेल तिथे तिथल्या गावठी फ्रेंचमधून. शंभर वर्षांपूर्वी जी भाषा बोलल्याबद्दल मार बसायचा, तिच्यात आता हजेरी घेतली जाते.

परतीच्या वाटेवर

परतताना भाचा मागच्या सीटवर झोपलेला. आजीचा, म्हणजे आमच्या आईचा, व्हिडिओ कॉल आला. त्याला उठवलं. आई म्हणाली, "काय रे सोन्या, कुठे फिरलास?" त्याने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. मगर, बोट, गुलाबी पक्षी, सगळं भराभर. आई "हो का, हो का" करत होती. तिला त्यातलं किती कळलं, मला माहीत आहे. मग तिने विचारलं, "जेवलास का?" आणि तो चटकन म्हणाला, "हो. भात, भेंडी."

फोन ठेवल्यावर गाडीत कोणी बोललं नाही. मी मनातल्या मनात त्याचे मराठी शब्द मोजत होते. वरण, भात, तूप, चकली, लाडू, अजून पाहिजे, नको. स्वयंपाकघरातले शब्द.

ताईला मी दोष देत नाहीये. तिला भीती होती की पोरगा शाळेत मागे पडेल. प्रेमापोटीच केलं सगळं. आणि हे फक्त ह्यूस्टनमध्येच होतं असंही नाही, पुण्यातल्या माझ्या सोसायटीतही हेच चाललंय.

म्हणून माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: पातेलं पुरेसं नाही. पातेल्याने माणसं टिकली, एकत्र आली, अनोळखी माणसंही पंगतीला बसली. हे लहान काम नाही. पण आजीचा पदार्थ जमला म्हणजे आजी कळली असं होत नाही. तिच्याशी भांडायला, तिला चिडवायला, तिला तिच्या भीतीबद्दल विचारायला भाषाच लागते.

आता दर रविवारी मी भाच्याला फोन करते. नियम एकच, जेवणावर बोलायचं नाही. पहिल्या रविवारी चार मिनिटं चाललं. गेल्या रविवारी त्याने मला मराठीत आपल्या मित्राची चहाडी सांगितली. व्याकरणाचा पार बोऱ्या वाजला होता, पण गोष्ट पूर्ण झाली.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर या आठवड्यात त्यांना एक प्रश्न विचारा, फक्त जेवणाबद्दलचा नको. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, बटाटे खा, पण नाव कुठून आलं ते आता तुम्हाला माहीत आहे.